देशाच्या ताटातलं मीठ

आमच्या घरात चार माणसं आणि महिन्याला मिठाची एक किलोची पिशवी. वाणसामानाची यादी करताना तेलावर बोलणं होतं, साखरेवर होतं, डाळींच्या भावावर तर हमखास होतं. मिठाची ओळ मात्र वर्षानुवर्षं न बदलता उतरवली जात होती. आईला रक्तदाबाची गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ म्हणून सांगितलं, आणि त्या रात्री मी पहिल्यांदा त्या पिशवीचा हिशेब मांडला. हजार ग्रॅमला चार माणसांनी भागलं, मग तीस दिवसांनी. माणशी रोज ८.३ ग्रॅम. त्यातलं थोडं उकळलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातं हे खरं. पण विकतचं लोणचं, पापड, फरसाण आणि पाव यांतलं मीठ त्या पिशवीत धरलेलंच नाही, तेव्हा हिशेब फारसा चुकत नाही. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा, तोही सपाट.

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की ती पिशवी एकट्या आमच्या घरची नव्हती. असंसर्गजन्य आजारांची जी राष्ट्रीय पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, तिच्यात भारतीय प्रौढाचं रोजचं मीठ सरासरी ८ ग्रॅम भरलं. पुरुषांचं ८.९, बायकांचं ७.१. डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या आईला. पण सगळा देशच रोज तीन ग्रॅम जास्त खात असेल तर ‘कमी करा’ हे कोणी कोणाला सांगायचं, आणि नुसतं सांगून ते होतं का? काही देशांनी हे काम प्रत्यक्ष करून पाहिलं आहे. त्यांनी ते कसं केलं, कुठे जमलं आणि कुठे हातातून सुटलं, हे सावकाश पाहण्यासारखं आहे.

आधी मिठाचं शरीरातलं काम. मिठाच्या वजनात सुमारे ४० टक्के सोडियम असतं, बाकीचं क्लोराइड. म्हणून पाकिटावर सोडियमचा आकडा असेल तर त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. शंभर ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. सोडियमशिवाय आपलं चालत नाही. मज्जातंतूंतून निरोप जाणं, स्नायू आखडणं आणि सैल होणं, पेशींबाहेरच्या पाण्याचा तोल, ही सगळी त्याची कामं. पण त्यासाठी लागणारं सोडियम दिवसाला एक-दोन ग्रॅम मिठातून मिळून जातं. जास्तीचं बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. ती ते इमानाने करतात, पण लगेच नाही. तोवर ते सोडियम आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि त्याच नळ्यांतून जास्त रक्त ढकलावं लागतं. दिवसाचे महिने आणि महिन्यांची वर्षं होतात, रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होत जातात आणि वाढलेला दाब मुक्कामालाच येतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला पक्षाघात, हृदयविकार आणि निकामी झालेली मूत्रपिंडं असतात.

१९८८ साली ‘इंटरसॉल्ट’ नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ देशांतली ५२ ठिकाणं आणि दहा हजारांहून थोडी जास्त माणसं. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते. त्यांच्या जेवणात वरून घातलेलं मीठ नव्हतंच. त्यांचा सरासरी रक्तदाब ९६/६१च्या आसपास होता आणि तो वयाबरोबर चढत नव्हता. ‘वय झालं की बीपी यायचंच’ असं आपण सहज म्हणतो, त्या वाक्याला या एका नोंदीने तडा जातो. जंगलातल्या जगण्यात इतरही शंभर गोष्टी वेगळ्या असतात, म्हणून या एका नोंदीवर कोणी विसंबून राहिलं नाही. २००१ साली अमेरिकेत ४१२ माणसांना ठरवून दिलेलं अन्न खायला घालून सोडियमच्या तीन पातळ्या तपासल्या गेल्या. पातळी उतरली तसा दाब उतरला. ज्यांचा दाब आधी वाढलेला नव्हता त्यांचाही.

हा शेवटचा भाग धोरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ‘इंटरसॉल्ट’च्या कर्त्यांपैकी जेफ्री रोज या इंग्रज डॉक्टरांनी १९८५ साली एक साधा विचार मांडला होता. पक्षाघात होणाऱ्यांत फार वाढलेल्या दाबाची माणसं थोडी असतात, कारण मुळात अशी माणसंच थोडी. खूप रुग्ण येतात ते थोडासा दाब वाढलेल्या मोठ्या घोळक्यातून. त्यांना कोणी डॉक्टरकडे पाठवलेलं नसतं, त्यांनी दाब मोजलेलाही नसतो. तेव्हा सगळ्यांचा दाब एक-दोन अंशांनी खाली आणला, तर जितके जीव वाचतात तितके दवाखान्यात गाठलेल्या रुग्णांवर कितीही मेहनत घेऊन वाचत नाहीत. माझ्या आईला सांगणं गरजेचं होतंच. पण तिच्या शेजारी जेवणाऱ्या, स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या आम्हा तिघांचं काय, या प्रश्नाचं उत्तर जेफ्री रोज देतात.

आता मोजणी. ‘तुम्ही मीठ किती खाता?’ असं विचारून काही हाती लागत नाही. आपल्या पाककृतींच्या पुस्तकांतच पाहा. बेसन दोन वाट्या, तेल तीन चमचे, हिंग पाव चमचा, आणि मीठ ‘चवीपुरतं’. चवीपुरतं हे जिभेचं माप आहे आणि जीभ सवयीने बनते. म्हणून शास्त्रज्ञ ताटाकडे न पाहता लघवीकडे पाहतात. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडतं. पद्धत अशी : सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, आणि तिथून पुढे चोवीस तास, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिल्या लघवीसकट, प्रत्येक थेंब मोठ्या बाटलीत गोळा करायचा. कामावर, प्रवासात, पाहुण्यांकडे, सगळीकडे ती बाटली बरोबर. एखादी वेळ चुकली की आकडा कमी येतो. म्हणून ब्रिटनमधल्या पाहण्यांत लोकांना शरीरात न रेंगाळता लघवीत उतरणाऱ्या एका निरुपद्रवी पदार्थाच्या गोळ्या देतात. बाटलीत तो पुरेसा सापडला नाही, तर नमुना अपुरा समजायचा.

हे कष्टाचं काम आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी एकाच वेळच्या लघवीच्या नमुन्यावरून सूत्राने दिवसाचा अंदाज बांधतात. आपल्या राष्ट्रीय पाहणीतला ८ ग्रॅमचा आकडा तसाच काढलेला आहे. मोठ्या गटाची सरासरी सांगायला ही पद्धत बऱ्यापैकी चालते. एकेका माणसाचं मीठ आणि पुढे त्याला झालेला आजार यांची गाठ मारायला मात्र ती कच्ची पडते. २०१४ साली याच पद्धतीवर उभ्या असलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने फार कमी मीठ खाणाऱ्यांनाही धोका जास्त दिसतो, असं म्हटलं आणि ‘मीठ कमी करू नका’ असे मथळे झळकले. आजारी माणसं आधीच कमी जेवतात, सूत्र दोन्ही टोकांना चुकतं, असे आक्षेप त्यावर आले. २०२२ साली चोवीस तासांचे एकाहून जास्त नमुने दिलेल्या १०,७०९ माणसांची माहिती एकत्र तपासली तेव्हा चित्र सरळ रेषेचं निघालं : सोडियम वाढलं तसा हृदयाचा आणि मेंदूचा धोका वाढला. मला या दुसऱ्या मोजणीवर भरवसा ठेवावासा वाटतो, कारण तिची बाटली भरलेली होती.

किती खातो हे कळलं की दुसरा प्रश्न : येतं कुठून? ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात याचं उत्तर शोधायला एक सुरेख युक्ती वापरली गेली. लोकांना घरच्या वापरासाठी लिथियमचा अंश मिसळलेलं मीठ दिलं. लिथियम एरवी जेवणात जवळजवळ नसतं, म्हणून लघवीत जितकं सापडेल तितकं घरच्या डब्यातून आलेलं. निघालं काय, तर घरी शिजवताना आणि टेबलावर घातलेलं मीठ एकूण मिठाच्या फक्त १५ टक्क्यांच्या आसपास. बाकीचं बहुतेक सगळं कारखान्यातून येत होतं : पाव, न्याहारीचे पोहेवजा पदार्थ, डबाबंद सूप, चीज, खारवलेलं मांस, तयार जेवणं. म्हणजे लंडनमधल्या गृहिणीने मिठाची बरणी समुद्रात फेकून दिली असती, तरी देशाचा आकडा जेमतेम हलला असता. सगळी योजना इथून फिरली.

ही योजना सहजासहजी उभी राहिली नाही. १९९४ साली तिथल्या तज्ज्ञ समितीने दिवसाला ६ ग्रॅमची शिफारस केली, पण खाद्य उद्योगाचा विरोध झाला आणि सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मिठापुरती ती उचलून धरली नाही. त्यावर लंडनमधले रक्तदाबाचे तज्ज्ञ ग्रॅहम मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली मीठ आणि आरोग्य या एकाच विषयावर काम करणारा गट काढला. ते कंपन्यांची पाकिटं बाजारातून आणून त्यांतलं मीठ मोजायचे आणि आकडे वर्तमानपत्रांना द्यायचे. २००३ मध्ये पुन्हा समिती बसली, पुन्हा तेच ६ ग्रॅम म्हणाली, आणि या वेळी २००० साली स्थापन झालेल्या अन्न मानक संस्थेने काम हातात घेतलं.

त्यांनी मांडलेलं गणित शाळेतल्या फळ्यावर मावेल असं होतं. देशाची सरासरी ९.५ ग्रॅम. त्यात अन्नात निसर्गतः असलेलं ०.६, त्याला हात लावता येत नाही. घरात घातलेलं १.४, लोकांना समजावून ते ४० टक्क्यांनी कमी करायचं, म्हणजे साधारण ०.९. कारखान्यातलं ७.५, तेही ४० टक्क्यांनी उतरवायचं, म्हणजे ४.५. बेरीज ६. मग त्या ७.५ ग्रॅमचे तुकडे पाडले. पाव किती, चीज किती, बिस्किटं किती, सॉस किती. लोक जो पदार्थ रोज आणि भरपूर खातात, त्यावर जोर जास्त. पाव चवीला मुळीच खारट लागत नाही, पण दिवसातून चार वेळा पोटात जातो, म्हणून यादीत पहिला. लोणच्यासारखा जहाल खारट पदार्थ बोटाएवढा खाल्ला जातो, म्हणून खाली. अशा ८५ प्रकारांसाठी २००६ मध्ये मिठाची उद्दिष्टं जाहीर झाली आणि २०१० ही मुदत ठरली. सरासरी काढतानाही एक खबरदारी घेतली : जो माल जास्त खपतो त्याच्या मिठाला सरासरीत जास्त वजन. नाहीतर एखाद्या कंपनीने कोणी न घेणारा कमी मिठाचा नमुना कपाटात ठेवून सरासरी सुधारली असती.

उद्योगांची खरी अडचण गिऱ्हाईक पळण्याची होती. एकाच बेकरीने मीठ कमी केलं तर तिचा पाव अळणी आणि शेजारच्याचा चवदार. म्हणून सगळ्यांनी एकदम आणि थोडं थोडं उतरायचं. थोडं म्हणजे किती, याची चाचणी सिडनीत झाली होती आणि तिचा निष्कर्ष २००३ मध्ये छापून आला. सहा आठवडे लोकांना रोजचा पाव दिला. एका गटाच्या पावातलं मीठ दर आठवड्याला ५ टक्क्यांनी उतरवत नेलं. सहाव्या आठवड्यात त्यात एक-चतुर्थांश मीठ कमी होतं आणि खाणाऱ्यांना फरक कळला नव्हता. जिभेचं असं आहे की दोन-तीन महिने कमी मिठावर राहिली की तिला तेच पुरेसं वाटू लागतं आणि आधीचं जेवण खारट लागतं. आमच्या घरी मी हेच केलं. आमटीतलं मीठ एकदम अर्धं केलं तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्यांचे हात बरणीकडे गेले. मग पंधरा दिवसांनी चिमूटभर, पुन्हा पंधरा दिवसांनी चिमूटभर, असं कमी करत गेले आणि कोणी काही बोललं नाही. आता पिशवी सहा आठवडे पुरते.

कोणी काही बोललं नाही, याला कारण आहे. मी सांगितलंच नव्हतं. ब्रिटनमधल्या बेकऱ्यांनीही पाकिटावर ‘आता मीठ कमी’ असं ठळकपणे छापणं टाळलं. तसं छापलं की माणूस पहिल्या घासालाच कमतरता शोधतो. नावडतीचं मीठ अळणी, ही आपली म्हण स्वयंपाकघराइतकीच प्रयोगशाळेतही खरी ठरते. लोकांना जे मोठ्याने सांगायचं ते वेगळ्या वाटेने सांगितलं गेलं. २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर सिड नावाची गोगलगाय जाहिरातीत आली. गोगलगायीवर मीठ टाकलं की ती मरते, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक. पाकिटांवर लाल, पिवळे, हिरवे ठिपके आले, जेणेकरून आकडे न वाचताही मीठ जास्त की कमी ते कळावं.

आणि दर काही वर्षांनी त्या बाटल्या पुन्हा गोळा होत राहिल्या. २००८ मध्ये ८.६ ग्रॅम, २०११ मध्ये ८.१. दुकानातल्या पावाच्या शंभर ग्रॅममधलं मीठ २००१ मध्ये १.२३ ग्रॅम होतं, ते २०११ पर्यंत ०.९८ वर आलं. २००३ ते २०११ या काळात औषधं न घेणाऱ्या प्रौढांचा वरचा दाब सरासरी जवळपास ३ अंशांनी उतरला. तीन अंश एका माणसाच्या यंत्रावर दिसतसुद्धा नाहीत. कोट्यवधींच्या सरासरीत त्यांचा अर्थ हजारो न झालेले पक्षाघात असा होतो. त्या वर्षांत धूम्रपान आणि कोलेस्टेरॉलही घटलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय मिठाला देता येत नाही. पण कोणत्याही गृहिणीने हातातला चमचा न बदलता दीड-एक ग्रॅम मीठ देशाच्या ताटातून निघून गेलं, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

यानंतरचं वळण दुःखाचं आहे. २०१० मध्ये सरकार बदललं, पोषणाचं काम अन्न मानक संस्थेकडून आरोग्य खात्याकडे गेलं आणि २०११ मध्ये उद्योगांशी ‘जबाबदारीचा करार’ झाला. कंपन्यांनी आपण होऊन वचन द्यायचं, पाळायचं, आणि आपणच कळवायचं. हिशेब विचारणारी खमकी संस्था बाजूला झाली आणि घसरण थांबली. २०१४ मध्ये ८.० ग्रॅम, २०१८-१९ मध्ये ८.४. सहा ग्रॅम काही आलंच नाही. दक्षिण आफ्रिकेने म्हणूनच वेगळी वाट धरली. २०१३ मध्ये तिथे कायद्याने पाव, न्याहारीचे पदार्थ, चिप्स, सूपच्या पुड्या यांच्यावर सोडियमची कमाल मर्यादा घातली. पहिला टप्पा जून २०१६, दुसरा जून २०१९. पावासाठी शंभर ग्रॅममागे आधी ४००, मग ३८० मिलिग्रॅम. फिनलंडने १९९३ पासून ठरावीक प्रमाणाहून खारट पदार्थावर ‘जास्त मिठाचं’ अशी सूचना छापायला लावली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस १२ ग्रॅमच्या घरात असलेला तो देश २००२ पर्यंत ९ वर आला होता. चिलीमध्ये २०१६ पासून काळे अष्टकोन छापतात. लहान मुलालाही ते ओळखू येतात.

आता आपल्याकडे या. इथे इंग्रजांचं गणित जसंच्या तसं उतरवून घेतलं तर सपशेल चुकेल. आपलं बहुतांश मीठ अजून घरातल्या कढईत पडतं. भाजीत, आमटीत, भाकरीच्या पिठात, भातात, कोशिंबिरीत. आणि वर ताटात डाव्या हाताला वाढलेलं चिमूटभर वेगळं. तिथे शंभर-दोनशे कंपन्यांना एका टेबलाभोवती बसवलं की काम अर्धं होत होतं. इथे त्या टेबलाभोवती कोट्यवधी बायकांना बसवावं लागेल, कारण मिठाचा हात बहुतेक घरांत त्यांचाच आहे. त्यांना ‘जागरूक व्हा’ एवढंच सांगून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. सगळ्यांच्या रक्तदाबाचं ओझं तिच्या एका चमच्यावर टाकायचं आणि पुन्हा ‘आज अळणी झालंय’ हेही तिनेच ऐकून घ्यायचं.

मग कढईत पडणारं मीठच बदललं तर? याचं सगळ्यात मोठं उत्तर चीनच्या खेड्यांतून आलं, आणि तिथेही मीठ घरच्याच हाताने पडतं. पाच प्रांतांतली ६०० गावं, २०,९९५ माणसं : काहींना आधी पक्षाघात झालेला, काही साठीच्या पुढची आणि वाढलेल्या दाबाची. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ राहू दिलं. निम्म्यांना असं मीठ दिलं ज्यात ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड होतं. दिसायला तेच, घालायचं तसंच. सरासरी पावणेपाच वर्षांनी, २०२१ मध्ये, निकाल आला. बदललेल्या मिठाच्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं १२ टक्क्यांनी कमी. सोडियम उतरतं आणि त्याच्या उलट काम करणारं पोटॅशियम चढतं, असा दुहेरी फायदा. तेलंगणातल्या खेड्यांतही रक्तदाबाच्या ५०२ रुग्णांवर तीन महिने अशाच मिश्रणाची चाचणी झाली. वरचा दाब साडेचार अंशांहून थोडा जास्त उतरला.

इथे थांबून एक धोक्याची गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्यांची मूत्रपिंडं नीट चालत नाहीत किंवा जे पोटॅशियम साठवून ठेवणारी औषधं घेतात, त्यांच्यासाठी हे मीठ घातक ठरू शकतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडते. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मिठाची घरगुती वापरासाठी शिफारस केली, ती मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर बायका आणि मुलं यांना वगळून. आपल्याकडे मधुमेह इतका पसरलेला आणि मूत्रपिंडाचा आजार अनेकांना उशिरा कळणारा. म्हणून हे मीठ आणायचं तर पिशवीवर मराठीत, ठळक, वाचता येईल अशी सूचना हवी आणि आशाताईंना ती समजावून सांगता यायला हवी. दुसरी अडचण किमतीची. आज हे मीठ साध्या मिठाहून बरंच महाग आहे आणि बहुधा मोठ्या दुकानांतच मिळतं. ज्या घरात मीठ सगळ्यात जास्त लागतं, कारण भाकरीबरोबर चटणी किंवा मिरचीचा ठेचाच असतो, त्या घरापर्यंत ते पोचतच नाही.

आणि एक गैरसमज. सैंधव म्हणजे कमी सोडियमचं मीठ नव्हे. गुलाबी असो, काळं असो, जाडं असो, ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच. उलट सैंधवात बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं. खायचा सोडा आणि पापडखार यांतही सोडियम असतं. जिभेला ते खारट लागत नाही म्हणून हिशेबात धरलं जात नाही.

आयोडीनचा विषय निघालाच तर त्यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. देशातलं सगळं मीठ बदलण्याचं काम आपण एकदा केलेलं आहे. १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे आयोडीनचं मीठ सक्तीचं झालं, मध्येच २००० साली केंद्राची सक्ती उठली, काही वर्षांतच ती परत आली. आज दुकानातल्या मिठात गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावं लागतं. मिठागरवाल्यांपासून रेल्वेच्या वाघिणींपर्यंत आणि वाण्याच्या फळीपर्यंत सगळी साखळी त्यासाठी हलवली गेली. शिरोड्याच्या सत्याग्रहात १९३० मध्ये ज्या मिठासाठी माणसांनी लाठ्या झेलल्या, त्या मिठाशी आपलं नातं नाजूक आहे. तरीही लोकांनी तो बदल स्वीकारला. ‘मीठ कमी केलं तर आयोडीनही कमी होईल’ अशी शंका घेतात, पण मीठ कमी होईल तसं त्यातलं आयोडीनचं प्रमाण वाढवता येतं. दोन्ही कार्यक्रम एकाच पिशवीतून चालू शकतात.

पाकिटांकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. शहरात आणि आता तालुक्याच्या गावांतही मुलांच्या हातात चिप्स, नूडल्स, फरसाणाच्या पुड्या आहेत. ब्रिटनने जो ढिगारा चाळीस वर्षांनी उपसायला घेतला, तो आपल्याकडे आत्ता रचला जातो आहे. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी भागावर तारे छापण्याचा मसुदा काढला, २०२४ मध्ये मीठ, साखर आणि संपृक्त मेदाचे आकडे ठळक अक्षरांत देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. ताऱ्यांबद्दल मला काळजी वाटते. एखाद्या पदार्थात तंतू किंवा प्रथिनं असली की ती मिठाचा दोष झाकतात आणि तारा वाढतो. चिलीचा काळा अष्टकोन असं काही झाकत नाही.

सगळ्यात जवळचा उपाय मात्र सरकारच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात आहे. शाळा, अंगणवाड्या, सरकारी दवाखाने, वसतिगृहं, तुरुंग, रेल्वे : रोज कोट्यवधी ताटं सरकार आपल्या खर्चाने वाढतं. शालेय पोषण आहाराच्या निकषांचा तक्ता मी पाहिला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सगळं मोजलेलं. शेवटच्या ओळीत मीठ आणि मसाला. तिथे आकडा नाही. तिथे लिहिलं आहे : गरजेनुसार.